इथे असं कोणी राहत नाही

‘सदर पत्त्यावर एक खासगी कुटुंब राहते. कुटुंबप्रमुख वयोवृद्ध असून स्वभावाने तापट असल्याचे समजते. महिला निवास आढळून आला नाही.’

पाहणी अहवालातल्या या ओळी वाचून मी इतकी हसले की शिवणवाली आपलं मशीन थांबवून बघायला आली. तिला वाचून दाखवलं, तर तीही भिंतीला टेकून हसायला लागली. कारण ते तापट म्हातारेबुवा आमचेच, म्हणजे आमच्याच डोक्यातून निघालेले. या घरात पुरुष औषधालाही नाही. मग मी खालची ओळ वाचली आणि हसू घशातच राहिलं. ‘सबब अनुदानाचे नूतनीकरण स्थगित ठेवण्यात यावे.’

“म्हणजे काय हो, बाई?” शिवणवालीनं विचारलं.

“म्हणजे या महिन्याच्या अखेरीला आपण सगळ्या रस्त्यावर,” मी म्हटलं. पन्नाशी उलटल्यापासून वाईट बातमी गोड करून सांगायचा मला कंटाळा येतो.

हे घर मी चालवते. कागदोपत्री त्याचं नाव ‘महिला संक्रमण निवास’. हे नाव कुठल्या विद्वानानं शोधून काढलं देव जाणे. एकदा बँकेतल्या माणसानं ते वाचलं आणि हळूच खुर्ची मागे सरकवली. त्याला वाटलं, इथे कसली तरी साथ आहे. राहणाऱ्या बायका म्हणतात ‘मधलं घर’. सोडून आलेलं घर आणि पुढे कधीतरी मिळेल ते घर, यांच्या मधलं. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बाईला पहिले काही आठवडे ठेवून घेणाऱ्या जागा आहेत, तिथे सगळे धावपळ करून मदत करतात. पण त्यानंतर तिला काम शोधायचं असतं, पोरांना शाळेत घालायचं असतं, चार पैसे गाठीला बांधून स्वतःची खोली बघायची असते. त्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. तेवढा काळ तिनं कुठे राहायचं, यावर भाषणं पुष्कळ होतात, पैसे मात्र फारसं कोणी देत नाही. आम्हाला एक संस्था देते. घराचं भाडं, विजेचं बिल आणि माझा पगार, ज्याला पगार म्हणायला माझी मलाच लाज वाटते.

इथे खरी नावं वापरायची नाहीत. पोरं भर रस्त्यात, दुकानात हाका मारतात आणि एका हाकेवरून माग निघतो. म्हणून प्रत्येकीला टोपणनाव. शिवणवाली शिवणयंत्र डोक्यावर घेऊन आली होती, म्हणून ती शिवणवाली. आणि कुजबूज, जिच्यामुळे हे सगळं झालं, ती कुजबूज. कारण ती बोलायला लागली की शेजारी बसलेल्या माणसालाही ‘काय?’ म्हणून विचारावं लागायचं. तिची मुलगी पहिलीत. गोल, ठेंगणी आणि सतत कोणाच्या तरी कपड्याला चिकटलेली, म्हणून तिचं नाव बटण.

कुजबुजीला एकच शब्द नीट म्हणता यायचा. ‘चुकलं.’ पाणी सांडलं, चुकलं. दुसरीनं दूध उतू घालवलं, चुकलं हिचं. शिंक मला आली तरी ही आपली ‘चुकलं, बाई’. शेवटी शिवणवालीनं दंड लावला, एका ‘चुकलं’ला एक पातेलं घासायचं. पहिल्या आठवड्यात घरातली झाडून सगळी भांडी तिनंच घासली आणि वर म्हणाली, “जरा वेळच लागला. चुकलं.”

आता दाराचं सांगते. आल्या दिवशी, खाट दाखवायच्याही आधी, मी प्रत्येकीला दार शिकवते. बेल वाजली की साखळी लावूनच दार उघडायचं. बाहेर कोणीही असो, कोणाचंही नाव घेवो, उत्तर एकच, ‘इथे असं कोणी राहत नाही.’ ताकास तूर लागू द्यायची नाही. समोरचा तरीही हटला नाही तर सासऱ्यांना मध्ये आणायचं. आमचे सासरे म्हणजे उंबऱ्याशी ठेवलेले भले मोठे बूट आणि आतल्या खोलीत मोठ्यानं लावायचा रेडिओ. ते दुपारी झोपतात आणि झोपमोड झाली तर कोणाची खैर नसते. हळूहळू बायकांनी त्यांना गुडघेदुखी दिली, कवळी दिली. मध्यंतरी एकीनं त्यांना मधुमेहही जडवला, कारण तिच्या खऱ्या सासऱ्यांना नव्हता आणि तिला तो व्हायला हवा होता.

या धड्याची तालीम असते. शिवणवाली बाहेर उभी राहून कधी गॅसवाला होते, कधी कोणाचा दीर, कधी पोलीस. तिची नक्कल अशी हुबेहूब की एकदा मीच तिला ओळखपत्र मागितलं होतं. बाकीच्या दोन-तीन दिवसांत तयार होतात. कुजबूज दोन महिने नापास. ‘इथे असं कोणी राहत नाही, चुकलं’ असं म्हणायची, नाहीतर सरळ साखळी काढून ‘या ना, बसा’ म्हणून मोकळी व्हायची. मला तिची खरीच काळजी वाटायची. दारात ‘नाही’ म्हणता न येणारी बाई उद्या स्वतःच्या खोलीत एकटी कशी राहणार?

आणि मग तो दिवस आला. मी एकीबरोबर कोर्टात गेले होते. परतले तर सगळं घर माझी वाट बघत बसलेलं. बायकांनी कुजबुजीला मध्ये उभं केलं आणि तिनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. एक माणूस आला होता. खांद्याला पिशवी, चष्म्याला दोरी. ‘महिलांचं घर इथेच ना?’ म्हणाला. इथे असं कोणी राहत नाही. त्यानं माझं नाव घेतलं. या नावाचं इथे कोणी नाही. त्यानं कार्ड काढून दाखवलं.

“मी म्हटलं, कार्ड काय, कोणीही छापून घेतं,” कुजबूज म्हणाली. आम्हा सगळ्यांना तिचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. “तरी परत बेल वाजवली त्यानं. मग मी म्हटलं, आता पुन्हा हात लावलात तर सासऱ्यांना उठवीन, मग तुमचं तुम्ही बघा!”

आत कोणीतरी रेडिओचा कान पिळला आणि तो माणूस जिना उतरून गेला. बायकांनी त्या दिवशी दुप्पट साखरेचा चहा केला. बटण खाटेवर उभी राहून टाळ्या पिटत होती. मी कुजबुजीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, “पास झालीस गं बाई.” मला इतका आनंद झाला होता की कार्ड कसलं होतं, हे विचारायचं सुचलंच नाही. सुचलं असतं तर तेव्हाच फोन करून सगळं निस्तरता आलं असतं.

तो माणूस म्हणजे संस्थेचे तपासणीस. संस्थेनं यंदापासून न कळवता पाहणी करायचं ठरवलं होतं. ते मला कळवलं होतं म्हणे, एका लांबलचक जोडपत्रात, अग्निशमनाच्या नियमांच्या खाली. जोडपत्रं वाचायला माणूस वेगळं लागतं आणि त्या माणसाचा पगार अनुदानात बसत नाही.

मी संस्थेच्या कार्यालयात गेले. तिथल्या प्रमुख मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला गोड, त्यांच्या टेबलावर एकसुद्धा कागद वाकडा नसतो. कोपऱ्यात ते तपासणीस बसले होते. अंगानं वाळके, निवृत्तीनंतर पुन्हा कामाला लागलेले गृहस्थ. माझ्याकडे न बघता चष्मा पुसत होते.

“ताई, आमचीही बाजू समजून घ्या,” मॅडम म्हणाल्या. “आम्हालाही वर उत्तरं द्यावी लागतात. अहवालात घरच नाही म्हटल्यावर मी पैसे कशाला देऊ?”

“घर सापडलं नाही, हाच तर त्या घराचा गुण आहे,” मी म्हटलं. “तुम्हाला दार पक्कं आहे का बघायचं होतं ना? पक्कं निघालं.”

“दारावर संस्थेचा फलक असता तर हा घोळ झालाच नसता. मी गेल्या वर्षीही सुचवलं होतं.”

“फलक लावला तर नवऱ्यांचं काम फारच सोपं होईल, मॅडम. त्यांना पत्ता शोधायचे कष्ट तरी राहू देत.”

त्या कसनुसं हसल्या. माझ्या तोंडाळपणाची त्यांना सवय आहे. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची सोय आमच्यासारख्यांना नसते. म्हणून मी निदान कुत्र्यावर थोडं भुंकून घेते.

मग खरी गोष्ट बाहेर आली. पाहणी पुन्हा होऊ शकत होती, त्यात काही अडचण नव्हती. अडचण होती ती तपासणीस साहेबांच्या अपमानाची. ‘संबंधित महिलेचा लेखी खुलासा आणि दिलगिरी’ मिळाल्याशिवाय साहेब पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नव्हते आणि त्यांच्या सहीशिवाय फाइल पुढे सरकणार नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात एक कारकून फायली घेऊन आत आला आणि जाता जाता म्हणाला, “काय साहेब, सासरेबुवांची तब्येत बरी आहे ना आता?” तपासणीस कानापर्यंत लाल झाले. कार्यालयात हे रोज चाललेलं असणार. मला त्यांची दया आली आणि त्याचाच राग आला. नवऱ्यांसाठी लावलेलं दार यांच्या तोंडावर बसलं होतं; चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर निदान संन्याशाचा चेहरा तरी असा केविलवाणा नसावा.

“लेखी मिळणार नाही,” मी म्हटलं. “तिची सही मी कुठल्याच कागदावर येऊ देत नाही. उद्या तिच्या नवऱ्याचा वकील तोच कागद नाचवेल की बघा, बाई खोटारडी आहे, स्वतःच कबूल करते.”

बरीच ओढाताण झाली. शेवटी मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. तोंडी चालेल. पण साहेबांसमोर, आणि तिनं स्वतः. एवढं तर करू शकता ना, ताई? शेवटी प्रश्न त्यांच्याच निवाऱ्याचा आहे.”

मी हो म्हटलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि मी काही हरी नाही.

घर गेलं असतं तर शिवणवालीनं मशीन उचलून कुठेही तग धरला असता. बाकीच्यांचीही कुठे ना कुठे सोय लावता आली असती. कुजबुजीला जायला एकच जागा होती, तिच्या आईचं घर. आणि आईच्या घरून वाट सरळ नवऱ्याकडे जात होती. आधी दोनदा ती तिथून तशी गेली होती. आता कुठे तिला इस्पितळाच्या धुलाईघरात काम लागलं होतं, बटणला शाळेत मैत्रीण मिळाली होती. अजून सहा-सात महिने मिळाले असते तर ती खोली घेऊ शकली असती. हे सगळं मी मनातल्या मनात घोळवत होते, कारण मला तिच्याकडे जे मागायचं होतं, ते मागायला काहीतरी आधार हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती, हात चालूच.

“म्हणजे मी म्हणायचं, चुकलं?” तिनं विचारलं.

“त्यांच्यापुरतं. तुझं काय जातं? एक शब्द आहे. म्हणून टाक आणि मोकळी हो.”

“म्हणते की,” ती म्हणाली. “त्यात काय मोठंसं.” मग एक जून देठ मोडत अगदी सहज म्हणाली, “माझी आईपण असंच म्हणायची. तुझं काय जातं, एक शब्द म्हणून टाक. गाडीत बसवून द्यायची ना, तेव्हा खिडकीतून हेच सांगायची दर वेळी.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उलटून काही बोलले असते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कोवळी पानं कचऱ्यात टाकत होते आणि देठं टोपलीत, हे तिनंच हळूच माझ्या हाताखालून टोपली सरकवली तेव्हा लक्षात आलं.

“मग त्याचा दंड पडेल का?” तिनं विचारलं. “पातेल्याचा?”

“नाही,” मी म्हटलं. “त्या दिवशी पातेली मी घासेन.”

ती हसली. मी माझे शब्द मागे घेतले नाहीत. तत्त्वाला राहायलासुद्धा आधी घर लागतं, असं मी स्वतःला बजावलं. ते खरंही आहे. पण या घराच्या भिंतींमध्ये मी किती बायकांच्या आयांना शिव्या घातल्या आहेत, त्याचा हिशेब नाही. आणि अडचणीत सापडल्यावर माझ्या तोंडून शब्द निघाले ते त्याच आयांचे.

तपासणीस ठरल्या दिवशी आले. दार मीच उघडलं. उंबऱ्याशी ठेवलेले बूट त्यांनी चष्म्यावरून बघून घेतले आणि ओलांडून आत आले. मग त्यांनी सगळं घर पाहिलं. माणूस कामाला चोख, हे मान्य करायला हवं. प्रत्येक नळ सोडून बघितला, खाटा हलवून बघितल्या, मोरीच्या वरच्या बल्बला जाळी नाही हे त्यांनी पाहिलं, जे मला तीन वर्षं दिसलं नव्हतं. बायकांच्या खोल्यांत शिरण्याआधी दारावर टकटक केली. मला वाटलं, हे गृहस्थ मुळात वाईट नाहीत, यांच्याशी आधी नीट बोलता आलं असतं तर. शेवटी ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले, मांडीवर पाटी घेतली, तिच्यावर कागद लावला.

“त्या… त्या दिवशीच्या बाई?” त्यांनी विचारलं.

मी हाक मारली. कुजबूज आली. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ. समोर खुर्ची होती तरी बसली नाही. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि माझ्या डोळ्यांदेखत बदलली. मान किंचित डावीकडे कलली, एक हात दुसऱ्या हातात गेला, नजर त्यांच्या पायांवर खिळली. गेले काही आठवडे ती आमच्यात वेडीवाकडी बसायची, पाय पसरून शेंगा खायची, शिवणवालीच्या नकलांना हसायची. ते सगळं एका क्षणात पुसलं गेलं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “पुन्हा असं होणार नाही.”

ती कुजबुजली नाही. आवाज स्पष्ट होता, मऊ होता, आणि त्याला अनेक वर्षांची सफाई होती. स्वयंपाकघरात ‘चुकलं’ म्हणताना ती गोंधळायची, अडखळायची. हे मात्र कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे पक्कं ठाऊक असलेल्या बाईचं म्हणणं होतं.

तपासणिसांचं समाधान झालं. त्यांचे खांदे सैल झाले. “बरं बरं. असू दे. यापुढे माणूस बघून बोलत जा,” असं म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं. मी मनातल्या मनात भाड्याचा करार वाढवायला घरमालकाकडे निघालेही होते.

दाराआडून बटण बाहेर आली. आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. आईकडे एकदा बघून तिनं मान डावीकडे कलती केली, एक हात दुसऱ्या हातात घेतला.

“माझंपण चुकलं,” ती म्हणाली. “पुन्हा असं होणार नाही.”

पेन थांबलं.

“तुझं काय चुकलं, बाळ?” तपासणिसांनी विचारलं.

बटणनं विचार केला. तिला काही आठवेना. “माहीत नाही,” ती म्हणाली. “आईनं म्हटलं की मी पण म्हणायचं असतं. मग बाबा लवकर थांबतात.”

आतल्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं ते बंद झालं. तपासणिसांनी पाटी मांडीवर उलटी करून ठेवली, जणू कागदावर काहीतरी असं होतं जे पोरीला दिसायला नको.

कुजबूज खाली बसली. तिनं मुलीचे एकमेकांत अडकवलेले हात धरले आणि सोडवले. “तू असं म्हणायचं नाही,” ती म्हणाली. “ऐकलंस? तुझं काही चुकलेलं नाही.”

मग ती उठली. तिचा चेहरा बघून मला कळलं, पुढे काय येणार ते. आणि स्पष्टच सांगते, माझ्या जिभेवर काय आलं होतं ते. ‘अगं, गप्प बस. दोनच मिनिटं गप्प बस, पेन त्यांच्या हातात आहे.’ मी ते बोलले नाही, कारण तिनं माझ्याआधी तोंड उघडलं. ती क्षणभर थांबली असती तर बोलले असते.

“आणि माझंही नाही, साहेब,” कुजबूज म्हणाली. “मघाशी म्हटलं ते बाईंनी सांगितलं म्हणून म्हटलं. तुम्ही न सांगता आलात. उद्या कोणी तसंच आलं तर मी आत घेणार नाही. तुम्ही आलात तरी घेणार नाही.”

तपासणिसांनी माझ्याकडे बघितलं.

“हो,” मी म्हटलं. “मीच सांगितलं होतं तिला.”

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते आणखी वाळके दिसत होते. “मला ऑफिसात सगळे हसतात,” ते म्हणाले. माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. “येता-जाता सासऱ्यांची चौकशी करतात.”

आता तिच्या तोंडून तो शब्द येणार, असं मला वाटलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या शिवणवालीलाही तसंच वाटलं असणार. खोलीत जागाच तशी झाली होती त्या शब्दासाठी. कुजबुजीनं ओठ ओले केले.

“ते मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “पण आता मला एक सांगा. आम्ही राहायचं की निघायचं? निघायचं असेल तर आत्ताच सांगा. हिच्या शाळेचं बघायला हवं मला.”

हा प्रश्न मी तीन आठवडे मॅडमना, त्यांच्या सहायकाला आणि फोन उचलणाऱ्या मुलीला विचारत होते. पण मी तो असा कधीच विचारला नव्हता. मी विचारायची, ‘नूतनीकरणाची प्रक्रिया कुठवर आली?’ आणि मला उत्तर मिळायचं, ‘प्रक्रिया चालू आहे.’

तपासणिसांनी बटणकडे बघितलं. ती आता आईच्या कपड्याला चिकटून त्यांच्या चष्म्याच्या दोरीकडे बघत होती.

“राहा,” ते म्हणाले.

तसं म्हणायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. ते लिहिणार, मॅडम वाचणार, वरचे ठरवणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी माझा जीव भांड्यात पडला. या कामात इतकी वर्षं काढल्यावर कोणी नुसतं तोंडानं चांगलं बोललं तरी ते पुरतं मला, मी त्यावर महिनेच्या महिने काढते. “बसा साहेब, चहा टाकते,” असं म्हणत मी स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा.

कुजबूज जागची हलली नाही. तिनं त्यांच्या मांडीवरची उलटी पाटी उचलली, सुलटी केली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली.

“लिहून द्या,” ती म्हणाली.